‘रोज अर्धा तास चाला’, पण कुठे?



मागच्या अंकात आपण साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेण्याविषयी बोललो. त्यानंतर काही भगिनींचे फोन आले. एकीने विचारले, “सिस्टर, गोळी तर घेते. पण डॉक्टर म्हणतात रोज अर्धा तास चाला. आमच्या वस्तीत चालायचं कुठं, ते पण लिहा की.”

हा प्रश्न मला नवा नाही. दवाखान्यात नोकरीला होते तेव्हा चौदा वर्षे मी स्वतः हेच सांगत होते. एक मावशी आठवतात. पन्नाशीच्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. जेवणानंतरची साखर २८० निघाली होती. मी नेहमीप्रमाणे चालायला सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, “पहाटे नळाला पाणी येतं. मग चार घरं. रात्री आठला मोकळी होते. तेव्हा गल्लीत काळोख, नाल्याकडेला पोरं बसलेली. मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवर गाड्या लागलेल्या. बागेत गेले तर वॉचमन विचारतो, कुठं काम करतेस? आता तूच सांग बाई, कुठं चालू?” मी काय सांगणार? केसपेपरवर ‘चालण्याचा सल्ला दिला’ असे लिहिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझे कर्तव्य कागदावर पूर्ण झाले होते.

नोकरी सोडून वस्तीत काम करू लागले तेव्हा त्या ओळीची लाज वाटू लागली. म्हणून या महिन्याचा पाठ व्यायामाचे प्रकार शिकवणारा नाही. आपल्या वस्तीत चालायला, मुलांना पळायला जागा असेल की नसेल हे कोण ठरवते, ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आपल्याविषयी काय असते आणि ते बदलण्यासाठी काय शिकावे लागते, याचा हा पाठ आहे.

आधी थोडे शरीराचे

आपण चालतो तेव्हा मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. चालत्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची तेवढी गरज पडत नाही. म्हणून ज्यांचे इन्सुलिन नीट काम करत नाही अशा मधुमेही माणसाला जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणेही उपयोगी पडते. चालण्याने रक्तदाब काही तास खाली राहतो आणि झोप सुधारते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल सांगते, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. मध्यम वेग म्हणजे चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग.

आता मधुमेह हा ‘श्रीमंतांचा आजार’ ही समजूत सोडा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतले १५ राज्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात गरीब गटात मधुमेहाचे प्रमाण १८.७ टक्के आणि सधन गटात ११.६ टक्के होते. म्हणजे शहरात हा आजार वरून खाली, आपल्या घरांकडे सरकला आहे. आणि जिथे तो सरकला, तिथेच चालायला जागा सर्वांत कमी.

हालचालीत बायका मागे आहेत, हेही नोंदवून ठेवा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के.

‘तुमच्या बाया तर दिवसभर राबतात’

काही वर्षांपूर्वी आम्ही महिला मंडळाच्या आठ-दहा जणी वॉर्ड ऑफिसात गेलो होतो. वस्तीच्या मागे मोकळा तुकडा आहे. त्यावर कंत्राटदाराचे पाइप आणि डेब्रिज पडलेले असते. ते उचला, दोन दिवे लावा, एवढीच मागणी. साहेबांनी नीट बसवले, पाणी दिले. अर्ज वाचून म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या वस्तीला पाणी हवं की बाग? आणि या बायकांना चालायला कशाला जागा? दिवसभर राबतातच की.”

ते वाईट मनाने बोलले नाहीत. म्हणूनच ते वाक्य नीट तपासले पाहिजे, कारण मोठमोठ्या फायलींत हेच वाक्य वेगळ्या भाषेत लिहिलेले असते.

राबणे आणि व्यायाम या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाकून लादी पुसणे, उभ्याने भांडी घासणे, डोक्यावर घमेले वाहणे यात काही सांधे आणि काही स्नायू तासन्‌तास एकाच अवस्थेत ताणलेले राहतात. मध्ये विसावा नाही. वेग आपल्या हातात नाही. रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. मोकळ्या वेळात, स्वतःच्या वेगाने चालले की हृदय थोडा वेळ जोरात चालते आणि मग शांत होते. त्याने हृदय बळकट होते. मजुरीचे कष्ट हृदयाला तसा फायदा देत नाहीत, उलट जड कामाने धोका वाढल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. हे संशोधकांनाही आधी कोडे वाटले होते. आपल्या बायकांना ते गुडघ्यांवरून केव्हाच कळले आहे.

आणि सगळेच राबतात असेही नाही. घरी बसून माळा ओवणारी, मणी लावणारी, शिलाई करणारी बाई दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर मांडी घालून बसते. वस्तीतली मुले मोबाइलवर का असतात म्हणून आपण चिडतो. गल्लीची रुंदी मोजून बघा, मग चिडा.

‘पाणी की बाग’ हा प्रश्न तर मला फारच विचित्र वाटतो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १२ वी अनुसूची आणली. नगरपालिकांकडे द्यायच्या कामांची ती यादी आहे. तिच्यात पाणीपुरवठा आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे, आणि उद्याने, बागा, क्रीडांगणेही आहेत. एकाच यादीत. एक घेतले तर दुसरे सोडा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. इमारतींत राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला पाणी हवे की जॉगिंग ट्रॅक.

नियमात लिहिलेली दृष्टी

आता थोडे कोरडे वाटेल, पण हा भाग सोडू नका.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत असा नियम होता: मोठ्या भूखंडावर इमारती बांधताना काही भाग करमणुकीसाठी मोकळा सोडायचा. भूखंड एक हजार चौरस मीटरहून मोठा असेल तर १५ टक्के, अडीच हजारांच्या वर गेला की २० टक्के, दहा हजारांच्या वर २५ टक्के. मुले खेळतील, म्हातारी माणसे बसतील, फिरतील, हा हेतू. पण त्याच नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी वेगळी सोय केली. योजना परवडावी म्हणून ही मोकळी जागा कमी करता येईल, मात्र किमान ८ टक्के ठेवावी, असे तिथे आहे.

वाचून थांबा आणि विचार करा. पुनर्वसनाच्या इमारतीत माणसे जास्त दाटीने राहणार, हे सर्वांना माहीत. तिथली मुले क्लबात, जिमखान्यात जाणार नाहीत, हेही माहीत. तरी त्यांच्यासाठीच आकडा खाली आणला. कोणाच्या तोंडून आलेला शेरा असता तर आपण मोर्चा काढला असता. तो नियम म्हणून छापला गेला, म्हणून कोणी वाचलाही नाही.

त्याचे परिणाम पाहायचे असतील तर मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड किंवा गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड बघा. रस्ते-रेल्वे प्रकल्पांत हटवलेल्या कुटुंबांसाठी या वसाहती बांधल्या. दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अशा वसाहतींचा अभ्यास केला. तो हवा-उजेड आणि क्षयरोगाचा होता, चालण्याचा नव्हता. खालच्या मजल्यांवर उजेड पोचत नाही आणि तिथे क्षयरोग जास्त, असे त्यात दिसले. पण एक नर्स म्हणून मला दोन्ही एकच वाटतात. जिथे ऊन पोचत नाही, तिथे मूलही पळू शकत नाही.

सगळ्या शहराचेही बरे नाही. केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सुचवले आहे. मुंबईत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा माणशी दोन चौरस मीटरही भरत नाही. दोन चौरस मीटर म्हणजे एक सतरंजी. त्यातही मलबार हिलच्या माणसाच्या वाट्याची सतरंजी आणि गोवंडीच्या माणसाच्या वाट्याची, यांत किती फरक असेल ते तुम्हीच समजून घ्या.

चालणारा माणूस रस्त्यातून बाजूला

रस्त्यांविषयीची दृष्टी आणखी उघड आहे. मुंबई महानगरातल्या वाहतुकीच्या मोठ्या पाहण्यांत दिसले आहे की रोजच्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या लोक पायी करतात. म्हणजे या शहरातले सर्वांत मोठे वाहन म्हणजे पाय. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही वाहनांच्या सोयीपेक्षा माणसांच्या सोयीला प्राधान्य द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. कागद चांगला आहे.

प्रत्यक्षात काय झाले? २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक उभा राहिला. पाठोपाठ महानगर प्रदेशात तीसहून अधिक झाले. कल्पना अशी की स्टेशनबाहेर गर्दी होते, तर चालणाऱ्यांनाच वर उचलावे, खाली गाड्या मोकळ्या जातील. ज्या बाईचे गुडघे दुखतात तिने दोन मजले चढायचे, जी गाडी पायाचा अंगठा दाबून चालते तिने सपाट जायचे. बहुतेक लोक खालूनच चालत राहिले. वांद्र्याचा तो स्कायवॉक पुढे धोकादायक ठरून बंद झाला आणि पाडावा लागला. दहा-बारा वर्षांचे आयुष्य.

किनारी रस्त्याचा खर्च सुमारे १४,००० कोटी. त्यावर रिक्षा, दुचाकी, सायकल, कशालाच परवानगी नाही. शेजारी फिरायला समुद्राकाठची जागा केली आहे आणि ती चांगली आहे. मी एकदा जाऊन आले. आमच्या वस्तीतून तिथे पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागतात.

इथे एक इतिहास आठवल्याशिवाय राहवत नाही. केरळमधला १९२४-२५ चा वायकोम सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला जे तळे खुले केले तेही सार्वजनिक पैशाने सांभाळलेले तळे होते. रस्ता, पाणी, मैदान यांवर सर्वांचा हक्क आहे हे आपल्या चळवळीला कोणी नव्याने शिकवायला नको. आज पाटी लावून अडवत नाहीत. वॉचमन “कुठं काम करतेस?” विचारतो, एवढाच फरक.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वापरण्याजोगा, अतिक्रमणमुक्त पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे वाक्य अर्जात जरूर घाला. पण ‘अतिक्रमणमुक्त’ म्हणजे फक्त भाजीवाली मावशी हटवा, असा अर्थ लावला जातो. फुटपाथवर लावलेली चारचाकी, ट्रान्सफॉर्मर, जाहिरातीचा खांब, पोलीस चौकी यांना कोणी अतिक्रमण म्हणत नाही. त्यामुळे अर्ज लिहिताना काय हटवायचे ते नाव घेऊन लिहा. आपल्याच पोटावर पाय देणारा अर्ज आपण करू नये.

ही दृष्टी बदलते का?

बदलते, पण आपोआप नाही.

चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये ठराव केला की वाहतुकीच्या वार्षिक खर्चातला किमान ६० टक्के भाग चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या सोयीवर करायचा. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायला बाक आले. तिथे संध्याकाळी म्हातारी माणसे बसलेली मी पाहिली आहेत. मात्र हेच धोरण पुण्याच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तितक्या वेगाने पोचलेले नाही. चांगला रस्ता आधी दुकाने आणि हॉटेले असतात तिथे होतो.

परदेशातले एक उदाहरण देते, कारण तिथे हा प्रश्न सरळ राजकारणात आला. कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तिथे १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना चालायला, पळायला, सायकलला देतात. आज हे रस्ते शंभर किलोमीटरहून जास्त आहेत. १९९८ मध्ये एन्रिके पेन्यालोसा तिथले महापौर झाले आणि त्यांनी फुटपाथवर गाड्या लावणे बंद केले. दुकानदार आणि गाडीवाले इतके चिडले की त्यांना पदावरून हटवण्याची मोहीम निघाली. ते टिकले. म्हणजे साहेबाच्या मनात असणे पुरत नाही. गाडीवाल्यांचा आवाज जसा त्याच्या कानावर जातो, तसा चालणाऱ्यांचाही जावा लागतो.

ब्राझीलचे उदाहरण तर मला फार जवळचे वाटते. रेसिफे शहराने २००२ मध्ये चौकांत, बागांत मोफत व्यायामवर्ग सुरू केले, शिकवायला पगारी प्रशिक्षक. येणाऱ्यांत बायका जास्त, त्यातही कमी मिळकतीच्या. २०११ पासून ती योजना देशाच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत घेतली गेली. म्हणजे दवाखाना नुसते ‘चाला’ म्हणत नाही, जागा आणि शिकवणारा माणूसही देतो. आपल्याकडे २९ ऑगस्ट २०१९ ला ‘फिट इंडिया’ सुरू झाली. तिच्यात शपथ आहे, जाहिरात आहे. तंदुरुस्त राहण्याची जबाबदारी माझी, हे मान्य. रस्ता कोणाची जबाबदारी?

झोपडी विरुद्ध मैदान

हा नाजूक विषय आहे. मुंबईत अनेक वस्त्या मैदानासाठी किंवा बागेसाठी आरक्षित जागांवर आहेत. शहरातल्या काही संस्था म्हणतात, झोपड्या हटवा, मैदान मोकळे करा. सरकारचा १९९२ पासूनचा मार्ग असा की त्याच जागेच्या काही भागात लोकांचे पुनर्वसन करायचे आणि उरलेला भाग मोकळा ठेवायचा. पूर्वी हा मोकळा भाग ३३ टक्के होता, आता ३५ टक्के. या नियमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने नियम कायम ठेवला.

आपले घर वाचले याचा आनंद मलाही झाला. पण त्या ३५ टक्क्यांचे काय होते यावर आपण लक्ष ठेवले पाहिजे. बिल्डर ती जागा आपल्या विक्रीच्या टॉवरकडे वळवतो, मध्ये भिंत घालतो, पुनर्वसनाच्या इमारतीला मागचे फाटक देतो. घर की मैदान या भांडणात आपण घराच्या बाजूने उभे राहणारच. पण त्या नादात मैदान हे ‘त्यांचे’ असे मानू लागलो तर साहेबांचेच म्हणणे आपण आपल्या तोंडाने बोलू. आपली घरे लहान म्हणून तर बाहेरची जागा आपल्याला जास्त हवी.

नकाशा वाचायला शिका

आमच्या त्या मागच्या तुकड्याची गोष्ट पुढे अशी झाली. साहेबांनी परत पाठवल्यावर आमच्या मंडळातल्या एका मुलीने विकास आराखड्याचा नकाशा डाउनलोड केला. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्यात प्रत्येक आरक्षणाला खूण असते. ‘आरओएस १.४’ म्हणजे खेळाच्या मैदानासाठी आरक्षण, ‘आरओएस १.५’ म्हणजे बाग. सुरुवातीला ‘ईओएस’ असेल तर ती आधीपासूनची मोकळी जागा. आमच्या तुकड्यावर मैदानाची खूण होती. म्हणजे आम्ही मेहेरबानी मागत होतो ती जागा कागदावर आमच्या मुलांच्या खेळाचीच होती!

तुम्हीही हे करा. जागेचा सीटीएस क्रमांक मिळवा. जुन्या घरपट्टीच्या किंवा वीजबिलाच्या कागदांवर कधी कधी असतो, नाहीतर सिटी सर्व्हे कार्यालयात मिळतो. त्यावरून महापालिकेकडून ‘डीपी रिमार्क’ काढता येतो. मुंबईबाहेर असाल तर तुमच्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात आराखडा पाहायला मागा. देत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तोही खर्च नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, आणि मालकाने नोटीस दिल्यावर २४ महिन्यांतही काही केले नाही, तर आरक्षण संपते. मैदान मग मैदान राहत नाही. कित्येक जागा अशाच गेल्या, कोणी काही बोलले नाही म्हणून. खासगी मालकीच्या जागेवर आरक्षण असेल तर हे वर्ष-महिने वहीत लिहून ठेवा.

नवा आराखडा किंवा त्यात बदल येतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात. जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात असते. २०१५ चा मुंबईचा मसुदा हजारो हरकतींनंतर मागे घ्यावा लागला होता, हे विसरू नका. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे मुंबईत नगरसेवकच नव्हते, तेव्हा तर अर्ज आणि हरकत हाच आपला आवाज होता. मत मागायला येणाऱ्याला गटार-पाण्याबरोबर हेही विचारा: आमच्या मैदानाचा क्रमांक तुम्हाला माहीत आहे का?

फुटपाथ मोजणे सोपे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवी, म्हणजे सहा फूट. आणि उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे वीतभरही नाही. शिंप्याची टेप घ्या. मुलांना घेऊन जा, त्यांना मजा येते. अडथळा असेल तिथे मोकळी जागा किती उरते तेच मोजायचे आणि फोटो काढायचा. आम्ही स्टेशनपर्यंतचा रस्ता असा मोजला. एका ठिकाणी चालायला पाऊण फूट उरले होते, आणि पायरी माझ्या गुडघ्याच्या खाली जराशी. अशा फुटपाथवर म्हातारी बाई चढणार कशी? ती रस्त्यावरूनच चालणार आणि गाडीवाला हॉर्न वाजवणार.

आपले अंगण

साहेबांना बोलताना स्वतःकडेही पाहू. वस्ती सुधारणेचा निधी आला की आपण काय मागतो? पेव्हर ब्लॉक, कमान, समाजमंदिरावर आणखी एक मजला. मीही मागितले आहे. झाड आणि मोकळी माती कोणी मागत नाही, कारण तिच्यावर उद्घाटनाची पाटी लावता येत नाही.

आमच्या विहारापुढचे अंगण रोज संध्याकाळी मोटारसायकलींनी भरलेले असायचे. एका पौर्णिमेला वंदनेनंतर हा विषय काढला. भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे जे लाभ सांगितले त्यांत अन्न पचणे आणि आजार कमी होणे हेही आहेत; बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तरेला चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. विहाराच्या अंगणात चालायचेच नाही तर मग करायचे काय, असे एका आजोबांनी विचारले. तरुण मुले कुरकुरली, पण संध्याकाळी ७ ते ९ गाड्या बाहेर लावायचे ठरले. अंगणाला बारा फेऱ्या मारल्या की साधारण पंधरा मिनिटे होतात. पहिल्या आठवड्यात चार बायका आल्या. नवऱ्यांचे म्हणणे, “या वयात फेऱ्या कसल्या मारताय?” आता वीस-बावीस असतात. काही जणी गाऊन घालून येतात, काही साडीत. बूट नसले तरी पट्ट्याची चप्पल चालते. मधुमेह असेल तर अनवाणी मात्र नको, आणि घरी गेल्यावर तळपाय बघायचे.

ज्यांना छातीत दुखते, थोडे चालले तरी धाप लागते, पायाला जखम आहे किंवा साखर फार वर-खाली होते, त्यांनी आधी दवाखान्यात दाखवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी फेऱ्या मारू नयेत, खिशात साखरेची पुडी ठेवावी.

मागच्या तुकड्याचे म्हणाल तर डीपी रिमार्क जोडून तिसऱ्यांदा अर्ज दिला तेव्हा दोन दिवे लागले. पाइप गेले, डेब्रिज अर्धे अजून तिथेच आहे. साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी विचारले, “इथे सार्वजनिक पार्किंग केले तर वस्तीला चालेल का?” आम्ही लेखी ‘नाही’ दिले आहे आणि पोच घेतली आहे. पुढची भेट मंगळवारी साडेअकराला आहे. आम्ही चौघी जाणार आहोत, मुलांनी मोजलेला फुटपाथचा तक्ता घेऊन. तुमच्या वस्तीतल्या मैदानाचा क्रमांक सापडला तर संपादकांच्या पत्त्यावर कळवा, पुढच्या अंकात यादी छापू.